चिमीचं बोरन्हाण : घरचा हलवा आणि दागिन्यांच्या नोंदी

२९ नोव्हेंबर २०२५, शनिवार

यंदा चिमीचं पहिलं बोरन्हाण. संक्रांतीला ती अकरा महिन्यांची असेल. सासूबाई म्हणाल्या, "हलव्याचे दागिने आयतेच आणू, स्टेशनजवळ हवे तसे मिळतात." मिळतात खरे. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर मीही आयताच सेट घातला होता. हार, बाजूबंद, कंबरपट्टा, नथसुद्धा. फोटो झाले, सेट पिशवीत घालून कपाटात ठेवला आणि मार्चमध्ये उघडला तर आत मुंग्यांची शाळा भरलेली. पुठ्ठ्यावर गोंदाचे पिवळे ठिपके तेवढे उरले होते.

पण आता अडचण मुंग्यांची नाही, चिमीची आहे. हाताला लागेल ते तोंडात. या आठवड्यात चप्पल, रिमोट आणि बाबाचं कोपर चाखून झालं. पुठ्ठ्याला चिकटवलेला हलवा हिच्या अंगावर घातला तर दोन मिनिटांत दाणा घशाशी आणि गोंद पोटात. म्हणून दागिने घरी करायचे. अटी तीन: गोंद नाही, दाणा सुटता कामा नये, गळ्यात सैल लोंबणारं काही नाही.

झोपेत मापं घेतली. डोकं ४५ सेंमी, कंबर ४३, दंड १४, मनगट १२. मुकुट, बाजूबंद, मनगट्या, कंबरपट्टा आणि जमलं तर हार. पैंजण नाहीत, कारण हिचे पाय दिवसातून दहा वेळा तोंडात असतात.

हलवाही घरीच करणार म्हटल्यावर नवरा म्हणाला, "मग ऊसही लावू या का गॅलरीत?" उत्तर दिलं नाही.

६ डिसेंबर, शनिवार

पहिला घाणा. आजीकडून फोनवर कृती घेतली. आजीची मापं म्हणजे "अंदाजाने घे गं", त्यामुळे वजनकाटा मी माझा लावला.

साबुदाणा ५० ग्रॅम, मंद आचेवर कोरडा भाजून घेतला. दाणा हलका, कुरकुरीत झाला की उतरवायचा. साखर २५० ग्रॅम, पाणी १२५ मिली. उकळी आल्यावर चमचाभर दूध घातलं. दुधाबरोबर साखरेतली मळी फेसासारखी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकायची. मग पाक पातळ सुती कापडातून गाळून पुन्हा एकतारी होईपर्यंत उकळला. मळी काढली नाही तर हलवा मळकट दिसतो. एकाच दिवसात ही एक गोष्ट धड शिकले.

परात अगदी बारीक आचेवर. त्यात साबुदाणा, वर एक छोटा चमचा पाक, आणि बोटांच्या टोकांनी सतत फिरवत राहायचं. दाणे सुटे आणि कोरडे झाले की पुढचा चमचा. दोन-तीन मिनिटांना एक चमचा पडतो. तासाभरात साबुदाण्याला पांढरा कोट चढला आणि मी खूश झाले. दुसऱ्या तासात दाणे वाटाण्यासारखे गुळगुळीत. हलव्याच्या अंगावर बारीक टोकं यायला हवीत, तो काटा नाही. तिसऱ्या तासाला चिमी उठली.

७ डिसेंबर, रविवार

काल रात्री परात कापडाने झाकून ओट्यावर ठेवली होती. सकाळी सगळे दाणे एकमेकांना बिलगून एकच ढेप. डोंबिवलीत डिसेंबरची "थंडी" म्हणजे पंखा तीनऐवजी दोनवर. हवेत खाडीचा दमटपणा असतोच, आणि साखर तो ओढून घेते.

ढेप फोडली, पुन्हा आच दिली, आच जरा वाढवली. दाणे पिवळे पडले.

आजीला फोन. तिने काय केलंस ते विचारलंच नाही, विचारलं, "आभाळ आहे का तिकडे?" होतं. "मग परात उचलून ठेव. आभाळ असलं की काटा धरत नाही. आणि तुमच्याकडे तसाही नाही धरायचा. इकडे ये." फसलेला हलवा चहात साखर म्हणून संपवतोय. साबुदाणा तळाशी बसतो आणि शेवटच्या घोटाला चावावा लागतो.

१४ डिसेंबर, रविवार

हलवा निफाडला, माहेरीच करायचा ठरलं. २६ ला जाणार. तोवर दागिन्यांच्या चाचण्या विकतच्या पाव किलो हलव्यावर.

मुकुट तिच्या हाताला लागणार नाही या आशेने (ही आशा किती खोटी ते पुढे कळेलच) आधी गोंद लावून पाहिला. पांढऱ्या गोंदात पाणी असतं. दाण्याचा खालचा काटा विरघळला आणि दहा मिनिटांत दाणा गोंदात बुडून बसला. ग्लू गन लावली. चिकटला पक्का, पण ओढल्यावर गोंद पुठ्ठ्यावर राहिला आणि दाणा आपली साखरेची साल तिथेच सोडून हातात आला. सुईने ओवायला गेले तर तीनातले दोन फुटले.

शेजारच्या काकूंनी त्यांच्या लहानपणची रीत दाखवली. दुहेरी दोऱ्याच्या मध्ये दाणा धरायचा, दोन्हीकडून पीळ देऊन गाठ मारायची, मग पुढचा दाणा. काटे दोऱ्याला धरून ठेवतात, म्हणून गुळगुळीत हलवा या कामाचा नाही. त्यांची आई पारदर्शक जिलेटिन कागदाच्या पट्टीत एकेक दाणा गुंडाळायची आणि दोन दाण्यांच्या मध्ये दोरा आवळायची. दिसायला सुरेख, काचेसारखं. पण जिलेटिन कागद हिच्या तोंडात? नको.

पिळाच्या गाठीचे बारा दाणे केले, ओले करून ओढले. चार सुटले. अट क्रमांक दोन नापास.

२१ डिसेंबर, रविवार

उत्तर लसणाच्या पिशवीत सापडलं. बाजारातून अर्धा किलो लसूण आणला, त्याची ती लाल जाळीची पिशवी. चिमीने ती पंधरा मिनिटं चावली आणि लसणाची एक पाकळीही बाहेर आली नाही. (मी समोरच बसले होते. तोंड मात्र दिवसभर लसणीचं.)

म्हणजे जिलेटिनऐवजी नेट. पांढरं मऊ नेट अर्धा मीटर आणलं, फ्रॉकच्या आत लावतात तसलं टोचरं नाही. ४ सेंमी रुंदीची पट्टी दुमडून मशिनवर उभी शिलाई मारली, उलटवून नळी केली. नळीत एक दाणा, मग सोनेरी दोऱ्याचे चार वेढे आणि गाठ, मग पुढचा दाणा. जाळीतून काटा दिसतो, किंचित धूसर, पण दिसतो. हात बसल्यावर दहा दाण्यांना बारा मिनिटं लागतात.

चाचणी: पाच दाण्यांची नळी कोमट पाण्यात टाकली. साखर विरघळून गेली, आत भिजलेला साबुदाणा राहिला, बाहेर काही आलं नाही. मग नवऱ्याला दोन्ही हातांनी ओढायला लावली. नळी तुटली नाही. "हे दागिने आहेत की टोचन?" म्हणाला, पण चेहऱ्यावरून त्याला पटलं होतं.

एकच धोका राहतो. शिलाई उसवली तर. म्हणून मशिनची शिलाई दुहेरी, टोकं दुमडून हाताने टाचलेली.

२६ डिसेंबर, शुक्रवार — निफाड

रात्री पोचलो. अंगणात तोंडातून वाफ निघतेय. बाबा तोंड पाडून बसलेले, कारण द्राक्षांना ही थंडी मानवत नाही, मणी तडकतात. पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो. मी थंडी बघून टाळ्या वाजवल्या आणि आईने डोळे वटारले.

आजीने माझी स्टीलची परात बाजूला ठेवली आणि माळ्यावरून पितळेची काढायला लावली. चिंच आणि मीठ लावून मी घासली. स्टीलची एकाच जागी तापते, पितळेची सगळीकडे सारखी.

२७ डिसेंबर, शनिवार

पहाटे साडेचारला सुरुवात. आजी पाटावर, शाल गुंडाळून. पूर्वी कोळशाच्या शेगडीवर करायची. आता गॅस, पण बर्नरवर जाड तवा आणि तव्यावर परात, म्हणजे आच थेट लागत नाही. डोंबिवलीत माझी पहिली चूक हीच होती.

साबुदाणा ५० ग्रॅम. पाक कोमट, गरम नाही, ही दुसरी चूक. आणि चमचा अर्धाच भरायचा, ही तिसरी. मी पाक ओतत होते, आजी शिंपडते.

"हात हलता ठेव, तोंड बंद ठेव," आजी. तोंड बंद ठेवायचं कारण तिने सांगितलं नाही, पण मला कळलं: बोलताना हात थांबतो, आणि हात थांबला की दाणे जोडीजोडीने चिकटतात. जोडदाणे दिसले की लगेच चिमटीने सोडवायचे, वाळल्यावर ते फुटतात.

साडेसातपर्यंत ४० चमचे. पांढरा कोट, पृष्ठभाग खरखरीत. काटा म्हणावा असं काही नाही. आजी म्हणाली आज एवढंच. दाणे सुती कापडावर पसरून ठेवले, परातीतला साखरेचा भुगा चाळून बाजूला काढला, परात धुऊन कोरडी केली. भुगा आत राहिला तर तो पाक पितो आणि दाणे उपाशी राहतात.

२८ डिसेंबर, रविवार

आज काटा आला.

नीट लिहून ठेवते, कारण मी हे डोळ्यांनी पाहिलं. साधारण पंचविसाव्या चमच्यानंतर खरखरीत दाण्यांवर बारीक उंचवटे दिसायला लागले, अंगावर शहारा यावा तसे. आधी तीन-चारच दाण्यांवर, मग अर्ध्या तासात सगळ्यांवर. मला जे दिसलं ते असं: दाणा गडगडताना त्याचं वर आलेलं टोक आधी पाकाला लागतं आणि आधी परातीला. पाक तिथेच धरतो आणि तिथेच वाळतो. पुढच्या चमच्याला ते टोक आणखी पुढे आलेलं असतं, त्यामुळे पुन्हा तेच आधी. खाचेतल्या जागेला काही मिळतच नाही. सावत्र वागणूक म्हणा. पाक जास्त ओतला की खाचाही भरतात आणि दाणा गुळगुळीत होतो. डोंबिवलीचा वाटाणा तो हाच.

आजीला हे समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बघ, तोपर्यंत चार जोडदाणे झाले."

नवऱ्याला फोटो पाठवला. त्याने उलट फोटो पाठवला, जपानची कोनपेतो नावाची मिठाई, हुबेहूब आपला रंगीत हलवा. पोर्तुगीज सोळाव्या शतकात कोन्फेइतो घेऊन जपानला गेले, त्यावरून ते नाव. तिथे तापलेल्या मोठ्या तिरक्या कढयांत दाणे फिरवतात आणि एका घाण्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. आजीला सांगितल्यावर तिला आनंद झाला. जपानचा नाही, दोन आठवड्यांचा. "बघ, तू तीन तासांत करायला निघाली होतीस."

बोटांची टोकं लाल. तूप लावू नको म्हणाली, उद्या तुपाचा हात परातीला लागला तर पाक धरणार नाही. आज रात्री खोबरेल, सकाळी साबणाने हात धुवायचे.

२९ डिसेंबर

आभाळ. परात उचलून ठेवली. बाबा खूश.

३० डिसेंबर, मंगळवार

निरभ्र. पहाटे चार ते आठ. शेवटचे पंधरा चमचे केशर घातलेल्या पाकाचे, पण मूठभर दाणेच वेगळे काढून. बाकी शुभ्र.

हिशेब: साबुदाणा ५०, साखर एकूण ४५० ग्रॅम. हलवा भरला ३९० ग्रॅम. उरलेली साखर परातीच्या भुग्यात, माझ्या बोटांवर आणि वाटेत बसलेल्या भाच्याच्या पोटात. जोडदाणे ३१, सगळे खाऊन टाकले.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

मगज बिया (खरबुजाच्या सोललेल्या) ३० ग्रॅम घेतल्या, कंबरपट्ट्याच्या लोंबत्या पाकळ्यांसाठी. बी चपटी आणि लांबट, तिला काटा कडेला जास्त येतो, मधे कमी. तासाभरात अंदाज आला. शेवयांचे तुकडे घेऊन काड्याही केल्या, पण हात जरा जोरात फिरला की मोडतात. अर्ध्या मोडल्या. सोडून दिल्या.

तिळाचा हलवा आजीनेच केला, वाटायला. मी फक्त पाक केला आणि बघत बसले. तीळ इतका बारीक की पहिल्या दहा-बारा चमच्यांना हात कसा ठेवायचा हे मला अजूनही जमत नाही. ती तळहाताने फिरवते, बोटांनी नाही. ८४ वर्षांची आहे. सकाळी चष्मा लावत नाही, म्हणते आवाजावरून कळतं. दाणे ओले असताना परातीत आवाज दबका येतो, वाळले की खुळखुळतात. मी डोळे मिटून ऐकलं. खरंच कळतं.

५ जानेवारी, सोमवार — डोंबिवली

काल परतलो. हलवा तीन घट्ट झाकणांच्या बरण्यांत. एक बरणी मोह आवरेना म्हणून काल संध्याकाळी उघडून सगळ्यांना दाखवली आणि झाकण नीट लावायला विसरले. सकाळी दाण्यांना चकचकी आली होती, म्हणजे ओल. लगेच परातीत मंद आचेवर पाच मिनिटं हलवले, कोरडे झाले, काटा थोडा बोथटला. यापुढे हवं तेवढंच काढायचं, बरणी उघडी नको. डबे पाण्याच्या ताटात ठेवलेत, मुंग्यांसाठी खंदक.

१० आणि ११ जानेवारी, शनिवार-रविवार

चिमी आजीकडे (म्हणजे सासूबाईंकडे, खालच्या मजल्यावर), मशीन माझ्याकडे.

मुकुट: काळ्या कापडाच्या आत बकरम (कॉलरमध्ये घालतात ते ताठ कापड), समोर तीन कळस, मधला ६ सेंमी. पुठ्ठा मुद्दाम टाळला, टोक डोळ्यात जायला नको. नळ्या कापडावर टाचल्या. कडेने पांढरे दाणे, मध्यभागी केशरी. एकूण १२६ दाणे. मागे वेलक्रो, इलॅस्टिक नाही, कपाळावर वळ उठतो.

बाजूबंद दोन, प्रत्येकी २२ दाणे. मनगट्या दोन, १८-१८. कंबरपट्टा १०४ दाणे आणि मगजाच्या नऊ पाकळ्या. प्रत्येक पाकळी तिच्या छोट्या जाळीच्या पिशवीत, वर दुहेरी गाठ.

हाराचं काय करायचं हे दोन दिवस डोक्यात घोळत होतं. गळ्यात मोकळा हार नको. शेवटी हार काळ्या झबल्यावरच टाचून टाकला, गळ्याच्या शिवणीपासून खाली कमानीसारखा, ६४ दाणे. झबलं काढलं की हार निघाला. सासूबाईंनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही बरी युक्ती. धुताना काय करशील?" याचा विचार केला नव्हता. एकदाच घालायचं झबलं आहे, असं म्हणून वेळ मारून नेली.

१३ जानेवारी, भोगी

बाजरीची भाकरी, तीळ लावून. भोगीची भाजी. शिवणकाम शून्य.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

यंदा संक्रांत आणि षट्‌तिला एकादशी एकाच दिवशी. सासूबाईंचा उपवास, त्यामुळे गुळपोळी आमच्यासाठी आज आणि त्यांच्यासाठी उद्या. सुगडं पुजली.

तिळाच्या मऊ वड्या केल्या, आजीच्या दातांना चालतील अशा. गेल्या वर्षी चिक्कीचा गूळ वापरला आणि पाटा-वरवंटा लागेल इतक्या कडक झाल्या. यंदा साधा गूळ. तीळ २५० ग्रॅम भाजून अर्धे भरड कुटले, अर्धे अख्खे. दाण्याचा कूट १०० ग्रॅम, गूळ २५०, तूप दोन चमचे, वेलची-जायफळ. गूळ तुपात विरघळून बुडबुडे आले की लगेच आच बंद, थेंब पाण्यात टाकला तर मऊ गोळी व्हावी एवढंच. टणक गोळी झाली की वेळ गेली. ताटाला तूप लावून थापलं, गरम असतानाच काप दिले.

चिमीला यातलं काही नाही. वर्षाच्या आत साखर-गूळ नको असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि अख्खे दाणे, फुटाणे तर पाच वर्षांपर्यंत नकोत म्हणाल्या, घशात अडकतात. तिच्यासाठी वाफवलेला खजूर वाटून त्यात भाजलेल्या तिळाची पूड आणि थेंबभर तूप. तीळ तिला आधी दोन-तीनदा देऊन पाहिला होता, त्रास झाला नाही. आपला वाटा खाऊन झाल्यावर तिने माझ्या वडीकडे हात केला. आई म्हणून मी वाईट ठरले.

१७ जानेवारी, शनिवार

बोरन्हाण कधी, यावर बैठक. उद्या रविवार, सगळ्यांना सुट्टी, पण उद्या अमावस्या. सासूबाईंपुढे विषय काढण्यातही अर्थ नव्हता. मग पुढचा रविवार, २५ ला, रथसप्तमी. त्या दिवसापर्यंत चालतं. शिवाय २६ ची सुट्टी, म्हणजे निफाडची मंडळी मुक्कामाला येतील.

आठ दिवस हलव्याने तग धरायला हवा. दागिने मोठ्या डब्यात, तळाशी कोरड्या तांदळाची पुरचुंडी, डबा खंदकात.

२१ जानेवारी, बुधवार

रंगीत तालीम. झबलं आणि मुकुट. मुकुट डोक्यावर राहिला चार सेकंद. मग दोन्ही हातांनी ओढून, मधला कळस थेट तोंडात. वेलक्रो सुटतं हे चांगलंच, अडकून तर राहिलं नाही. कळसाची जाळी तपासली, टाका एकही उसवला नाही. दोन दाणे निम्मे चोखलेले. ते कापून नवे बसवले. साखर नको म्हणणाऱ्या डॉक्टरबाईंना हे सांगणार नाही.

बोरन्हाणाला डोक्यावरून काय ओतायचं? रीत अशी की बोरं, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, हलवा. त्या ऋतूत जे पिकतं ते बाळाच्या अंगावरून, म्हणजे ऋतू बाधत नाही. पण पाच वर्षांच्या पोरांसाठी जे ठीक ते अकरा महिन्यांच्या टाळूवर नको. ठरवलं: डोक्यावरून फक्त चुरमुरे आणि शेवंतीच्या पाकळ्या. बाकी सगळं पाटाच्या भोवती, पोरांनी लुटायला. आणि लूट सुरू व्हायच्या आत चिमी कडेवर.

सासूबाई जरा हिरमुसल्या. म्हणाल्या, "मग बोरन्हाणात बोर कुठाय?" तडजोड: एक बोर, हातात धरून डोक्याला टेकवायचं. तेवढं मी मान्य केलं.

२५ जानेवारी, रविवार, रथसप्तमी

सकाळी सासूबाईंनी गॅलरीत रांगोळीचा सात घोड्यांचा रथ काढला (पाच काढून झाले, मग जागा संपली) आणि गोवरीवर सुगडात दूध ठेवलं. दूध ऊतू गेलं पूर्वेला, धूर गेला पश्चिमेला, म्हणजे घरात. वरच्या मजल्यावरून "सगळं ठीक ना?" अशी हाक आली.

पाच वाजता बोरन्हाण. आई, बाबा, आजी दुपारीच आले होते. आजीने आधी दागिने हातात घेतले. चिमीकडे नंतर. दाणा जाळीवरून बोटाने चाचपला आणि म्हणाली, "काटा आहे." एवढंच. मग नेट कशाला घातलं ते विचारलं, मी सांगितलं, ती म्हणाली आमच्या वेळी पोरं खायची की, काही नाही व्हायचं. मग थोडं थांबून स्वतःच म्हणाली, "व्हायचं म्हणा. कुणी लिहून ठेवत नसे."

काळं झबलं, कंबरपट्टा, बाजूबंद, मनगट्या. मुकुट सगळ्यात शेवटी आणि फोटोवाल्या मावशीला आधी तयार राहायला सांगून. औक्षण झालं. चुरमुरे पडायला लागल्यावर चिमी आधी दचकली, वर बघितलं, ओठ काढला. तेवढ्यात एक पाकळी नाकावर बसली आणि ती तिकडे बघत राहिली, रडणं विसरली. मुकुट एकूण पावणेदोन मिनिटं टिकला. फोटो अकरा, त्यांतले दोन कामाचे.

मी तिला उचलायला आणि इमारतीतली नऊ पोरं तुटून पडायला एकच गाठ पडली. बोरं आणि शेंगा मिनिटभरात साफ. उसाचे करवे मागे राहिले, हल्लीच्या पोरांना सोलून चावायचा कंटाळा. ते बाबांनी खाल्ले.

हळदीकुंकवाला वाण म्हणून जुन्या सुती साड्यांच्या बटव्या शिवल्या होत्या, त्यात मूठभर तिळाचा हलवा. २१ बटव्या, शेवटच्या चार काल रात्री दीड वाजता झाल्या. त्यांची नाडी उलटी आहे. कुणाला कळलं नाही, एका काकूंना सोडून, आणि त्यांनी तिथेच सांगितलं.

२७ जानेवारी, मंगळवार

आवराआवर. चुरमुरे सोफ्याखालून अजून निघतायत.

दागिने एकेक तपासले. मुकुटाचा डावा कळस चपटा, कारण रात्री चिमीचा बाबा त्यावर बसला. बाजूबंद जसेच्या तसे. मनगट्या गार पाण्यात टाकल्या, साखर काढून नेट पुन्हा वापरायचं. हार झबल्यावरून उसवायला घेतला तर झबल्याला साखरेची पांढरी कमान उमटली होती. दोनदा धुतल्यावर गेली.

पुढच्या वेळेसाठी: नेटची पट्टी ३ सेंमी पुरेल, ४ मध्ये दाणा हलतो. केशरी दाणे जास्त हवेत, फोटोत तेच उठून दिसतात. मगजाच्या पाकळ्या सात पुरेत. निफाडला नाताळच्या सुट्टीतच जायचं आणि गेल्या गेल्या आभाळ बघायचं. तिळाचा पहिला हात आजीकडून शिकायचा राहिला आहे, तो आधी.

कंबरपट्ट्याची डावीकडून पाचवी पाकळी रिकामी आहे. कधी चोखली ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. आत मऊ पडलेली मगजाची बी, बाहेर जाळी आणि दुहेरी गाठ, दोन्ही शाबूत.